नितळ तळे

त्या मुलखात तळे एकच होते आणि ते सगळ्यांचे होते. त्यात कितीतरी पिढ्यांच्या पावसाचे पाणी साठले होते. तहान लागली की जो तो तळ्यावर येई, पाणी पिई आणि उगाच थोडा वेळ रेंगाळे.

तळ्याची राखण एका म्हाताऱ्या कासवाकडे होती. पाण्यावरचा पाला उचलावा, शेवाळ बाजूला सारावे, यातच त्याचे आयुष्य गेले. त्याला जाच होता तो म्हशींचा. ऊन चढले की कळपच्या कळप धपाधप पाण्यात शिरे, तळाशी लोळे आणि सकाळी निवळलेले पाणी गढूळ करून टाकी. तळे पिण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही, असे कासव रोज बजावत असे. चांदी नावाची थोराड म्हैस डोळे मिटून "होय बाबा" म्हणे आणि आणखी थोडी आत सरके.

मग राजाने तळ्याच्या सुधारणेसाठी एक बगळा नेमला. तो शिकलासवरलेला होता, दूरदूरची तळी पाहून आला होता, आणि मनाने वाईट मुळीच नव्हता. बांबूच्या पन्हळी घालून पाणी प्रत्येकाच्या दारात न्यायचे, म्हणजे कुणाला पायपीट नको, अशी त्याची योजना होती. त्याने रीतसर सभा घेतली. पाणी दारात आले तर चालेल ना, असे एकेकाला विचारले. आता आपले काय काम उरणार, या काळजीने काठाची वाट राखणारे खेकडे आपसात कुजबुजले, पण मोठ्याने कुणी बोलले नाही. कासवाने तळ्यासाठी शांतता मागितली. म्हशी रवंथ करत होत्या आणि माशा वारण्यासाठी माना हलवत होत्या. बगळ्याने तो होकार धरला.

पन्हळी बसल्या, काठाला बोराटीचे कुंपण पडले. हरणे घरबसल्या पाणी पिऊ लागली आणि बगळ्याला दुवा देऊ लागली. तळे इतके नितळ झाले की कासवाला तळाचा खडा न् खडा दिसे. असे तळे त्याने जन्मात पाहिले नव्हते. ते दाखवायला मात्र जवळ कुणी नव्हते, आणि याचे त्याला वाईट वाटे.

पुढे काही वर्षांनी पाणी उतरू लागले. बगळ्याने सगळ्या पन्हळी तपासल्या. त्या धड होत्या. शेवटी कासवाने तळ गाठला. खुरांनी तुडवून, अंगांनी दाबून घट्ट झालेला चिखल आता भुसभुशीत झाला होता. त्यात गांडुळांची बिळे पडली होती आणि पाणी त्यांतून मुकाट खाली जात होते. ज्याला कासव आयुष्यभर घाण म्हणत आले, ते तळ्याचे लिंपण होते.

कासव तडक म्हशींकडे निघाले. तडक म्हटले तरी ते कासवच. पोचेपर्यंत हिवाळा उलटला. चांदी पन्हळीखाली उभी होती. तिचे गुडघे आता वाकत नव्हते.

"सभेत का बोलली नाहीस, बाई?"

"प्यायचं विचारलं होतं, बाबा. बसायचं कुणी विचारलंच नाही."

कासवाने तिच्या रेडकांना बोलावून पाहिले. ती बिचारी नम्रपणे ऐकत राहिली. पाण्यात उतरतात म्हणजे काय करतात, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात आभाळाने हात आखडला नाही. तळे रोज भरे आणि रोज जिरून जाई. बगळ्याने कुंपण स्वतःच्या चोचीने उपटून काढले, पण कुणी आले नाही. पाऊस सरल्यावर तो आणि कासव कोरड्या तळातून चालत गेले. मधोमध, चांदी बसायची तिथे, तिच्या अंगाएवढा खळगा होता. तेवढ्यातच पाणी टिकले होते, गढूळ.

बगळा मान खाली घालून उभा राहिला. कासव खळग्यात उतरले, आणि आपल्या एवढ्याशा अंगाने चिखलात लोळू लागले.