हात न लागलेला मणी

फार फार वर्षांपूर्वी इजिप्त देशात, नाईल नदीच्या काठी, निळे मणी करणारे एक कुटुंब राहत होते. गारगोटीची पूड, मिठासारखा खार आणि तांब्याचा चुरा मळून ते मणी वळत, वाळवत आणि भट्टीत भाजत. राजघराण्याचे हार त्यांच्याच मण्यांचे असत.

त्या वर्षी राजकन्येच्या लग्नाचा हार करायचा होता. भट्टी उघडली आणि सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मण्यांवर जागोजागी पांढरे चट्टे!

“चार दिवस देतो,” राजाचा कारभारी म्हणाला. “हार झाला नाही, तर भट्टी पाडू आणि तुम्हा सगळ्यांना वाळवंटातल्या खाणीत धाडू.”

तांबे एकाच भट्टीपुरते उरले होते.

घरातल्या सुनेला घास उतरेना. तिचे बाळ अजून रांगत होते. खाणीत त्याचे काय होणार? ती चट्टे पडलेले मणी पुन्हा पुन्हा न्याहाळू लागली. त्यांत एकच मणी निखळ निळा होता. तो वाळताना चटईखाली घरंगळला होता. तिनेच तो सगळ्यांत शेवटी भट्टीत टाकला होता.

तेव्हा तिला चट्ट्यांचे कारण उमगले. वाळताना मण्यांच्या अंगावर पिठासारखा खार फुलतो आणि तोच आगीत वितळून निळा चकाकतो. वाळत्या मण्यांना हात लावायचा मान घरात एकालाच होता, सासऱ्यांना. पूर्वी ते एका मण्याला स्पर्श करून आशीर्वाद देत. वय वाढले तशी मणी बिघडण्याची भीती वाढली. आता ते एकेक मणी दिवसातून तीनदा चाचपत.

बोलावे तर घर अंगावर येणार. गप्प राहावे तर खाण.

नवे मणी वाळत पडले. सासरे आशीर्वाद द्यायला निघाले, तशी ती दारात आडवी उभी राहिली.

“मामंजी, आत जाऊ नका. तुमच्या बोटांनी खार पुसला जातोय.”

“काय?” म्हातारा भडकला. “या नदीचे साठ पूर पाहिलेत मी! तू काल आलीस आणि मला शिकवतेस?”

“डोकं फिरलंय हिचं,” सासूबाई कडाडल्या. “आशीर्वादाशिवाय मणी भाजतात का कुणी?”

“आशीर्वाद तोंडानं द्या की! बोटं कशाला हवीत?” सुनेने तो निखळ निळा मणी पुढे केला. “हा मणी बघा. याला तुमचा हात लागला नव्हता.”

सासऱ्यांनी मणी उन्हात धरला. उलटून पालटून पाहिला. मग अंगणात जाऊन बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

दोन दिवस ते तसेच बसून राहिले. सुनेला मात्र शंका आतून पोखरत होती. आपलेच चुकले असेल तर?

भट्टी उघडली. पहिला मणी निळा. दुसरा निळा. शेवटचा मणी निघेपर्यंत ती एकेक मणी उलटून बघत राहिली. एकावरही चट्टा नव्हता.

हार बघून कारभारी खूश झाला. “वा, आजोबा! या वयातही काय हात आहे तुमचा!”

घरातले सगळे खाली बघू लागले.

“नाही, सरकार,” म्हातारा म्हणाला. “माझा हात लागला नाही, म्हणून हार झाला. कसा झाला, ते हिला विचारा.”

तात्पर्य एवढेच: चूक मोठ्यांच्याही हातून होते. ती दिसली तर वयाकडे बघून गप्प बसू नये, आणि कुणी दाखवली तर वयाच्या जोरावर दडपू नये.