विरजणाची वाटी

एका गावात केरोबा नावाचा गवंडी होता. भांडणांचा त्याला भारी कंटाळा. जुन्या आळीत दारासमोर दार, त्यामुळे सकाळपासून कलकल. म्हणून गावाबाहेर नवी आळी बांधताना त्याने एका ओळीतल्या घरांची दारं समोरच्या ओळीच्या पाठभिंतीकडे ठेवली. "इथे कुणाला कुणाचं तोंड दिसणार नाही!" तो अभिमानाने सांगे. पहिलंच घर त्याने मुलाला आणि सगुणाला, म्हणजे सुनेला दिलं.

घर छान होतं. शांत होतं. नवरा दिवसभर कामावर. घरात सगुणा, तान्हं बाळ आणि दारासमोर भिंत. बाळ रडलं की तिला वाटे, पोट दुखत असेल. गप्प झोपलं की ती नाकाशी बोट धरून श्वास बघे. विचारणार कुणाला? तिला घास जाईना, झोप येईना. ती वाळत चालली.

मग ती रोज दुपारी बाळाला घेऊन जुन्या आळीतल्या ठकूमावशींकडे जाऊ लागली. हातात रिकामी वाटी.

"मावशी, थोडं विरजण देता?"

"देते गं, आधी बस. हा का रडतोय? अगं, ढेकर अडकलाय नुसता. केरोबाचा नातू ना, हवा भरलेली असणारच!"

सगुणा खुदकन हसे. त्या रात्री दोन घास जास्त जात.

एकदा भर उन्हात केरोबा सुनेकडे आला. फडताळात दह्याचं गाडगं भरलेलं, आणि सगुणा बाळाला घेऊन, वाटी घेऊन निघालेली.

"सूनबाई, घरात एवढं दही असताना विरजण मागत फिरतेस?"

सगुणा खाली बघत म्हणाली, "दही घरच्या घरी लागतं, मामंजी. जीव लावायला माणूस लागतं."

केरोबाला राग आला. सगुणा मावशींकडे गेली, तो तिथेच उंबरठ्यावर बसून राहिला. समोर त्याचीच भिंत होती. सुरेख, गुळगुळीत, एकही तडा नाही. दिवस मावळेपर्यंत घरच्यांशिवाय तिथे कुणी फिरकलं नाही.

सकाळी त्याने पहार उचलली. समोरच्या ओळीत अजून कुणी राहायला आलं नव्हतं. मजूर हसले, "मालक, भिंत चुकली की काय?"

"भिंत बरोबर आहे," केरोबा म्हणाला. "तोंड चुकलं."

त्याने पाठभिंती फोडून तिथे दारं काढली, प्रत्येक दारापुढे ओटा घातला. माणसं राहायला आली, आणि कुणाचं सांडपाणी कुणाच्या ओट्यावर, यावरून लगेच कडाक्याचं भांडण झालं. केरोबाचं डोकं दुखलं. पण ऐकून बरंही वाटलं.

एके दुपारी सगुणा ओट्यावर बाळाला खेळवत बसली होती. जुन्या आळीतून ठकूमावशी आल्या, हातात रिकामी वाटी.

"विरजण आहे का गं थोडं?"

सगुणाने आधी बसायला पाट दिला. मावशींच्या घरी दही होतंच.

तात्पर्य: घर बांधताना भिंत कुठे घालायची हे सगळेच बघतात, शेजारीण वाटी घेऊन कुठून येईल, हेही बघावं.