डुगडुगणारं वऱ्हाड

"चपलेची टाच झिजते. मग झिजलेली तेवढी टाच जाते कुठं?"

हा प्रश्न लखूनं आईला विचारला, गुरवाला विचारला, शाळेत मास्तरांना विचारला. मास्तर म्हणाले, "तू बाहेर जाऊन बस." तो बाहेर बसला. शाळा सुटली तरी बसून राहिला. ऊठ असं कुणी म्हटलंच नव्हतं.

तर आमच्या धामणवाडीत असा एक भोळा माणूस होता, आणि तो माझा थोरला भाऊ होता. गेल्या महिन्यात तापानं गेला. त्याची गोष्ट रडत सांगितली तर तो विचारेल, कोण पडलं, कुणाला लागलं? म्हणून हसतच सांगतो.

आमच्या बहिणीचं, गोदीचं, लग्न ठरलं. नवरामुलगा रंगनाथ गरीब स्वभावाचा, पण त्याची आत्या भारी नावं ठेवणारी. साखरपुड्याला आली तेव्हा भिंतीचे पोपडे, तांब्याचा पोचा, सतरंजीचं भोक, सगळं बोट लावून बघून गेली. जाताना म्हणाली, "लग्नात असलं मोडकंतोडकं दिसलं, तर नवरदेवाला घेऊन परत जाईन हो!"

आईची झोप उडाली. घरात धड असं काही नव्हतंच.

हळद दळायची तर जातं झिजून गुळगुळीत झालेलं. आई म्हणाली, "लखू, पाथरवटाकडून टाकी घालून आण. गुळगुळीत काय कामाचं? खडबडीत पाहिजे."

लखूनं जातं डोक्यावरून नेलं. पाथरवटानं छिन्नीनं टोचे मारून त्याला खडबडीत करून दिलं. हळद झकास दळली. लखूच्या डोक्यात पक्कं बसलं, गुळगुळीत ते वाईट.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताकाकूंनी पाहुण्यांसाठी आपला शिसवी पाट दिला. अगदी आरशासारखा. लखूला काकूंची कीव आली. पाथरवटाची छिन्नी मागून आणली आणि संध्याकाळपर्यंत त्यानं पाटाला टाकी घातली.

"अरे मेल्या, हे काय केलंस?" आई ओरडली.

"कामाचा केला."

"माणूस बसणार त्यावर! टोचेल की! टोचणारी वस्तू घासायची असते. घासून घासून सपाट करायची. कळलं?"

"कळलं."

आईनं पाटावर चादर टाकली आणि तो कोपऱ्यात सारला. लखू कानस घेऊन घरभर हात फिरवत निघाला. चादरीवर हात फिरवला, ती मऊ लागली. स्वयंपाकघरात किसणीवर हात फिरवला, ती टोचली.

रात्री आई खोबरं किसायला बसली. वाटी किसणीवरून सुळकन घसरत राहिली. किसाचा कण पडेना.

"लखू!"

"आता टोचत नाही ना, आई?"

आईनं कपाळावर हात मारला. "बाबा, तू आता कशाला म्हणून हात लावू नकोस. जेवायचे पाट डुगडुगतात, तेवढं बघ. जी बाजू खाली जाते तिथं लाकडाची ढलपी ठोक."

हे मात्र लखूनं नीट केलं. एकेक पाट जमिनीवर ठेवायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि बरोबर जागी ढलपी ठोकायचा. एकही पाट हलेना.

"शाबास रे माझ्या वाघा!" आई म्हणाली. तिथंच चुकलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. लखूनं नवरदेवाच्या मामाला गूळपाणी दिलं आणि हात पुसून उभा राहिला. बाकीचे घाम पुसत बघत बसले. आईनं त्याला बाजूला ओढलं.

"अरे, लग्नघर आहे! एकाचं केलं की सगळ्यांचं करायचं. एक जरी वगळला तरी रुसवा."

"एकाचं केलं की सगळ्यांचं," लखूनं पाठ केलं.

तेवढ्यात आत्याबाईंना बसायला कुणीतरी कोपऱ्यातला पाट चादरीसकट आणून दिला. त्या बसल्या. जरा सरकल्या. चर्रर्र! चादर फाटली आणि तिच्याबरोबर नवं लुगडंही.

"हा पाट आहे का जातं?" आत्याबाई उसळल्या. "असल्या घरची सोयरीक नको आम्हाला. ऊठ रे रंगनाथ, चल!"

रंगनाथ उठला. चार पावलं चालला. लखूनं डोळे बारीक केले.

"आत्याबाई," तो म्हणाला, "तुमचा नवरदेव डुगडुगतो."

सनई थांबली. आजवर आत्याबाईंनी त्याला आमच्यासमोर कधी चालू दिलंच नव्हतं; आजही घोड्यावरून थेट पाटावर उतरवलं होतं. रंगनाथ लाल झाला. गोदीकडे वळून म्हणाला, "माझा एक पाय आखूड आहे. आत्या म्हणाली, सांगू नकोस. आता तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग नाही."

मुंडावळ्या सारून गोदी म्हणाली, "ठाऊक आहे मला. बघायला आलात तेव्हा दारातल्या चपला बघितल्या होत्या. एकीचीच टाच झिजलेली. तरी हो म्हटलं. आता बसा गुमान, मुहूर्त जाईल."

रंगनाथ बसला. आत्याबाईही बसल्या. या वेळी जमिनीवर.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. लखू कुठं दिसेना. मांडवामागून नुसती ठकठक ऐकू येत होती.

पाठवणीला सगळे रडायला लागले. रंगनाथनं चपला घातल्या आणि एक पाऊल टाकलं. थांबला. दुसरं टाकलं. अगदी सरळ. त्यानं खाली बघितलं. एका चपलेखाली ढलपी होती, छान तासलेली, चार बारीक खिळ्यांनी ठोकलेली.

"लखू..." आईला पुढं बोलवेना.

मग बाकीच्यांनी चपला घातल्या. आत्याबाईंनी पाऊल टाकलं आणि त्या उजवीकडे कलल्या. मामा कलले. भटजी कलले. ताशेवाला ताशासकट कलला.

"लखू! हे काय केलंस?"

"एकाचं केलं की सगळ्यांचं, आई," लखू म्हणाला. "कुणाला वगळलं नाही."

सगळं वऱ्हाड डुगडुगत वेशीपर्यंत गेलं. मधोमध नवरदेव तेवढा सरळ चालत होता, आणि गोदी रडायचं विसरून हसत होती. पुढं लगेच ताप आला, म्हणून लखूनं त्या दोघांसाठी केलेलं ते शेवटचं काम.