चांगुणाआत्याची अंडी आणि लष्करातला जनरेटर

एका गावात एक भोळा गेनबा होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता. पण गेनबात एक गुण होता. एकदा सांगितलेलं तो विसरत नसे. सगळा घोटाळा त्या गुणानेच केला.

त्याची आत्या चांगुणा विजेच्या पेटीत अंडी उबवून पिल्लं विकायची. आज-उद्या पिल्लं निघणार, आणि नेमका वादळात विजेचा खांब आडवा झाला. पेटी गार पडली की अंडी गेली, अंडी गेली की आत्याचा धंदा बसला. तरी बरं, लष्कराच्या लिलावातला एक जुना जनरेटर तिने आणून ठेवला होता. लष्कराने तो का काढून टाकला, हे कोणी विचारलं नाही. हिरवा रंग बघूनच गावाची छाती फुगली होती.

"गेनबा, मी तालुक्याला खांबासाठी भांडायला चालले," आत्या म्हणाली. "अडलं तर मुनीरभाई वायरमनला हाक मार. तो सांगेल तसंच कर. स्वतःची अक्कल चालवू नकोस."

ही शेवटची सूचना फुकट गेली. अक्कल असती तर चालवली असती.

जनरेटर धडधडायला लागला, पण दिवा लागेना. गेनबाने डिझेल ओतलं. अजून ओतलं. टाकी भरून वाहिली, दिवा तसाच. मुनीरभाई आला, त्याने एक नट पिळला, दिवा लागला.

"इंजिन पळतंय, म्हणजे डिझेल आहे ना, राजा? करंट नाही तर जोडणी बघ. ढिलं दिसलं की घट्ट आवळायचं."

"ढिलं की आवळायचं," गेनबा म्हणाला.

मुनीरभाई चहाला गेला. दिवा मिचमिचायला लागला. गेनबाने सगळीकडे हात लावून बघितलं. वेग कमीजास्त करायची गोल मूठ बोटाने सहज फिरत होती. ढिलीच की! आवळली. इंजिन किंचाळलं. अजून आवळली. घरातले बल्ब फटाफट फुटले. पेटीचा फ्यूज उडाला म्हणून पेटी वाचली. त्या घरात अक्कल असलेली ती एकच वस्तू.

मुनीरभाई कपबशीसकट धावत आला. "अरे बाबा, काही फुटायला लागलं की आधी जनरेटर बंद करायचा! आधी बंद, मग बाकीचं!"

"फुटलं की बंद," गेनबा म्हणाला.

मुनीरभाईने फ्यूज घातला, मूठ जागेवर आणली आणि तो गेला. थोड्या वेळाने वायरीतून ठिणग्या उडायला लागल्या. फुटत काहीच नव्हतं, मग बंद कशाला करायचं? वायर लोंबत होती, म्हणजे ढिली. गेनबाने ती धरून आवळली आणि थेट कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावर जाऊन पडला.

"जिवंत आहेस ना रे?" मुनीरभाईने धावत येऊन, जनरेटर बंद करून विचारलं. "वायरीला चीर गेली होती. चीर दिसली की ही काळी टेप गुंडाळायची. आतलं बाहेर दिसता कामा नये."

"आतलं बाहेर नको," गेनबा म्हणाला. मुनीरभाईने टेपचा अख्खा पुडा त्याच्याकडे देऊन ठेवला. शहाण्या माणसाकडूनही चुका होतात.

आता जनरेटर छान चालला. पेटी उबदार झाली. दुपारी गेनबाने पेटीच्या काचेतून डोकावलं. एका अंड्याला चीर. दुसऱ्याला चीर. मुनीरभाईला हाक मारायची गरजच नव्हती. सगळं शिकून झालं होतं.

संध्याकाळी आत्या भांडण जिंकून परत आली. जनरेटर गप्प. पेटीत काळ्याकुळकुळीत अंड्यांच्या रांगा.

"मेल्या, हे काय करून ठेवलंस?"

"आत्या, दुपारी सगळी अंडी फुटायला लागली होती," गेनबा घाम पुसत म्हणाला. "मी आधी जनरेटर बंद केला. मग चिरा गुंडाळल्या. घट्ट आवळून. आतलं काहीसुद्धा बाहेर येऊ दिलं नाही."

आत्याने पेटी उघडली. आतून बारीक आवाज आला. चिव. चिव चिव.

गेनबाने कान दिला आणि गंभीरपणे मान हलवली.

"तेवढा एक फॉल्ट राहिलाय. मुनीरभाईला बोलावू?"