शेळीसाठी हत्ती

एकदा एक वृद्ध गुरू आणि त्यांचा शिष्य लुंगिसा दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या, डोंगराळ मुलुखात राहत होते. पावसाने दोन वर्षे पाठ फिरवली होती. हिरवे उरले होते ते फक्त समोरच्या उतारावरचे स्पेकबूमचे रान. स्पेकबूम म्हणजे जाड, रसरशीत, आंबट पानांचे झुडूप. माणसाहून उंच वाढते. वस्तीचा रिवाज असा, की त्या रानात शेळी सोडायची नाही. माणसाने चढून जायचे, शेंडे तोडायचे आणि भारा डोक्यावरून आणायचा.

लुंगिसाची एकुलती एक शेळी नुकतीच व्यायली होती. तिच्या दुधावर त्याची आईविना तान्ही मुलगी वाढत होती, आणि दूध आटत चालले होते. भारे वाहून लुंगिसा मेटाकुटीला आला. एका सकाळी त्याने शेळीलाच उतारावर नेऊन सोडले. रोजची ओझी कुणाला आवडतात?

गुरूंचीही ती शेळी फार लाडकी. तरी ते काठी टेकत कसेबसे वर आले आणि तीच काठी उगारून त्यांनी तिला हुसकावले. मग त्याच झुडपाचे शेंडे कोयत्याने तोडून तिला हाताने भरवू लागले. लुंगिसाच्या मनाला ते फार लागले.

"पाला तोच आहे ना? मग तिनं आपणहून खाल्ला तर काय बिघडलं?"

गुरूंनी जमिनीला टेकलेली एक फांदी किंचित उचलली. तिला खालून कोवळी मुळे फुटली होती.

"माझ्या लहानपणी इथे हत्ती यायचे. वरून ओरबाडून खायचे, पण या खालच्या फांद्या राहायच्या. त्या मुळं धरायच्या आणि रान पसरायचं. शेळीचं तोंड नेमकं इथेच पोहोचतं. झुडूप काही दिवस हिरवं दिसतं, पुढे पसरत मात्र नाही. तिचा दोष नाही रे. आता हत्ती येत नाहीत, म्हणून वरचे शेंडे तोडून तिच्यासाठी आपल्यालाच हत्ती व्हावं लागतं." थोडे थांबून ते म्हणाले, "आणि दमला होतास, तर मला सांगायचं. माझे गुडघे गेलेत, हात अजून चालतात."

लुंगिसा खाली वाकला. उचललेली फांदी त्याने पुन्हा जमिनीला टेकवली, तिच्यावर ओंजळभर माती ओढली आणि गुरूंच्या हातातला कोयता घेतला. त्या दिवसापासून तो तोडू लागला आणि गुरू भारे बांधू लागले.

ज्यांच्या जिवावर आपण जगतो, त्यांच्याकडून जरूर घ्यावे. फक्त हात कुठे घालतो आहोत, तेवढे वाकून पाहावे.