दात पडलेला कंगवा

वस्तू बोलत असत तेव्हाची गोष्ट. फडताळातल्या म्हाताऱ्या कंगव्याने शेवंताकाकूंचं बोलणं अर्धंच ऐकलं. "याचे दात पडलेत, आता याला घरात जागा..." एवढ्यात दूध उतू गेलं आणि काकू धावल्या.

कंगव्याला पोट नसतं, तरी त्यात गोळा आला.

"आजोबा, उकिरडा गाठा," नवा तारेचा ब्रश म्हणाला.

पण तारा टोचताच काकूंची छोटी कुत्री झिपरी केकाटून खाटेखाली शिरली. काकूंनी नाइलाजाने कंगवा घेतला. पडलेल्या दातांच्या फटींतून लांब केसांचा गुंता अलगद सुटला. झिपरी घोरू लागली.

"मीही दात पाडून घेऊ का?" ब्रशने विचारलं.

"नको रे. तू पायपुसणं छान झाडशील."

घरात जागा नाही, हे मात्र खरंच निघालं. काकूंनी पडवीत, झिपरीच्या साखळीशेजारी, कंगव्यासाठी खिळा ठोकला.