बिनपैंजणांची सावली

फार फार वर्षांमागे, धुक्याच्या रानाकाठी एक गाव होतं. तिथल्या एका सुनेने देवीला नवस केला होता, "आई, माझं बाळ सुखरूप येऊ दे. त्याच्या पाळण्यापाशी मी मैना ठेवीन, तिचं दाणापाणी आणि तिचं शिकणं कधी चुकू देणार नाही." देवी पावली. घरात लेक आली, पाळण्याशेजारी मैना आली.

मैना कशाला? त्या रानात डांग्या खोकल्याच्या सावल्या राहत. तान्ह्या बाळाच्या छातीवर सावली बसली, की खोकून खोकून त्याचा श्वास अडके, ओठ निळे पडत. मैना ओरडली की सावली विरून जाई.

पूर्वी गावकरी एखादी सावली धरून ती अख्खी मैनांना दाखवत. मैना पक्की शिके, पण तिच्या कलकलाटाने बाळं दिवसभर किरकिरत. मग गावाने सौम्य रीत काढली. सावलीच्या तीनच खुणा शिकवायच्या: पैंजणांचा नाद, निळा पदर, ओल्या राखेचा वास. घरं शांत झाली.

आणि एके दिवशी शेजारचं बाळ खोकू लागलं. तिथली मैना ओरडली, पण उशिरा.

"आपलीही मुकीच गं मैना!" सासूबाई म्हणाल्या. "डाळिंबं तेवढी खाते. खालच्या आळीने मैना सोडल्या, तूही दे सोडून."

सुनेने पाळण्याकडे पाहिलं. लेक मुठी मिटून निजली होती. जड हाताने तिने पिंजऱ्याचं दार उघडलं.

मैना हलली नाही. "ताई, मी पैंजणांची वाट पाहत बसते, आणि सावली येते पैंजणांशिवाय."

"काढून ठेवले होय तिने? भारीच लबाड!"

"लबाडी कसली! त्यांना कुठे एवढी अक्कल? सावल्यांच्या असंख्य लेकींत एखादी बिनपैंजणांचीच जन्मली. पैंजणवालींना आम्ही हाकलत राहिलो, ही निसटली. तिच्या लेकीही तशाच. आता रानात त्याच जास्त."

"मग तुझा उपयोग काय गं?"

"आम्ही मैना पदर ओळखतो, वास ओळखतो. उशिरा का होईना, ओरडतो. म्हणून शेजारचं बाळ खोकलं, पण वाचलं. खालच्या आळीत एक पाळणा रिकामा झालाय, ताई. मला सोडू नकोस. पुन्हा शिकव."

सुनेने दार लावून घेतलं. शेजारणीला घेऊन ती रानाच्या कडेला जाऊन बसली. सावल्यांची चाल कशी, उसासा कसा, धुकं कसं थरथरतं, सारं तिने डोळ्यांत साठवलं आणि घरी येऊन मैनेला शिकवलं.

एका पेंगुळलेल्या दुपारी धुकं उंबऱ्याशी आलं. पैंजणांचा नाद नाही, नुसतं धुकं थरथरलं. पण मैना अशी ओरडली, की सावली पाळण्याला शिवण्याआधीच विरून गेली. लेकीने कूस बदलली आणि झोपेतच हसली.

"हिला डाळिंब दे गं, मोठंसं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मग खालची आळीही नव्या मैना घेऊन शिकायला आली. रानात सावल्या नव्या रूपाने जन्मत राहिल्या, गावातल्या बायका मैनांना नव्याने शिकवत राहिल्या, आणि पाळणे हलत राहिले.

संकट रूप पालटतं, म्हणून राखण टाकून देऊ नये; तिला नव्याने शिकवावं.

बायांनो, बाबांनो, तुम्हीही एवढं कराल ना?